भुवया कोणाच्या?

माणसाला भुवया किती, असा प्रश्न बालवाडीतल्या पोराला घातला तर ते खुदकन हसेल आणि दोन बोटे दाखवील. पण आपली वर्तमानपत्रे रोज सकाळी ज्या संख्येने भुवया वर उचलून धरतात ती पाहिली, म्हणजे मराठी माणसाला निदान दहाबारा तरी भुवया असाव्यात असे वाटू लागते. मंत्र्याने भाषण केले, भुवया उंचावल्या. नटीने लग्न केले, भुवया उंचावल्या. क्रिकेटच्या संघातून कोणी गळाला, साहित्यसंमेलनाला अध्यक्ष मिळाला, एखाद्या साहेबाची अवेळी बदली झाली, की उंचावल्याच भुवया. एकदा वर गेलेल्या या भुवया खाली कधी येतात, हे मात्र कोणी छापत नाही.

दिवाळीच्या दिवसांत, मांडीवर अंक आणि हातात चकली घेऊन बसलेल्या वाचकाशी भांडण उकरून काढणे बरे दिसत नाही, हे मला समजते. पण माझे भांडण वाचकाशी नाही. ते आहे या एका वाक्प्रचाराशी, त्याच्या एका सख्ख्या भावाशी, आणि त्या दोघांना रोज पाट मांडून जेवू घालणाऱ्या मंडळींशी. आणि ते निव्वळ शुद्धलेखनाचे भांडण असते, तर मी फराळाच्या ताटावर आणलेच नसते.

आधी या बिचाऱ्या शब्दाची विचारपूस करू. भुवई हा शब्द अस्सल घरचा. संस्कृत ‘भ्रू’पासून झिजत झिजत तो आपल्याकडे आला. कोणी भिवई म्हणे, कोणी भोवई. जुन्या पुस्तकांतून तो अनुस्वार लेऊन भिंवई, भोंवई असा भेटतो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा दिली, तेव्हा भुवईच्या डोक्यावरची ही टिकलीही पुसली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या ‘भ्रू’ची चुलत भावंडे मात्र पार दूरदूर पांगलेली आहेत. इंग्रजांचा ‘ब्रो’ तो हाच, रशियनांचा ‘ब्रोव्ह’ हाच, ग्रीकांचा ‘ओफ्रूस’ त्याच गोतावळ्यातला, आणि फारसीतला ‘अब्रू’सुद्धा. होय, फारसीत अब्रू म्हणजे भुवई. आपण ज्या अब्रूला जपतो ती निराळी. ती ‘आब-रू’, म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. फारसीत तिचा पहिला स्वर दीर्घ आहे. मराठीत येताना तो आखडला आणि दोघी दिसायला एकसारख्या झाल्या. भुवई आणि अब्रू अशा एका लेखनात येऊन बसल्या हा केवळ योगायोग आहे, पण पुढे जे सांगायचे आहे त्याला तो फार उपयोगी पडेल.

आता मराठीत ही भुवई काय काय करीत आली ते पाहा. ती चढते. ती ताणली जाते. ती वाकडी होते. भुवई चढली म्हणजे राग आला, हे सांगायला मराठी घरात कोणाला कोश उघडावा लागत नाही. हे ‘चढणे’ म्हणजे जिना चढणे नव्हे. धनुष्याला दोरी चढवतात त्या जातीचे हे चढणे आहे, असे मला तरी वाटते. संस्कृत कवींनी भुवईला मदनाचे धनुष्य म्हणून म्हणून ती उपमा पार गुळगुळीत करून टाकली, पण तिच्यातला ताण आपल्या बोलीने राखला. हिंदीतली भौंहसुद्धा चढते आणि तनते, गुजरातीतली भवांही चढतात. हिंदीभाषक नावड दाखवताना नाक आणि भुवई एकदमच आकसतात. आपण मराठी माणसे जरा काटकसरी; आपण नुसते नाक मुरडून भागवतो.

भुवयांच्या शेजारी राहते ती आठी. हा आपला फार नामी शब्द आहे. सुरकुती वयाने पडते, आठी मनाने पडते. सूनबाईने परस्पर सोफा विकत आणला आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली, एवढे सांगितले की सगळे घर डोळ्यांपुढे उभे राहते. सासूबाई बोलल्या नाहीत हे कळते, त्यांना आवडले नाही हे कळते, आणि संध्याकाळी काहीतरी होणार हेही कळते. मुख्य म्हणजे आठी पडायला कपाळ लागते आणि ते कपाळ कोणाचे तरी असावे लागते. बेवारशी आठी मराठीत पडत नाही.

मग लावणी. उभ्या लावणीत पायांतले चाळ बोलतात, पण बैठकीच्या लावणीत बाई एका जागी बसलेली असते. तिथे सारा कारभार हात, डोळे आणि भुवया यांच्याकडे. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांचे मोठेपण रसिक सांगतात ते याच अदाकारीचे. बसल्या बैठकीला एका ओळीचे दहा अर्थ चेहऱ्यावरून फिरवणे ही त्यांची विद्या होती आणि त्या विद्येला २०१२ साली पद्मश्रीचा मान मिळाला. भुवई उडवणे हा आपल्याकडचा प्रयोग असल्या अंगाचा आहे, लाडिक आणि थोडा अवखळ. कालिदासाने मेघदूतात वर्णिलेल्या खेड्यातल्या बायकांना हे भुवयांचे विभ्रम ठाऊकच नाहीत. पीक पिकवणाऱ्या मेघाकडे त्या नुसत्या मायेने बघत राहतात. म्हणजे भुवईला काही येत नसले, तर तेही सांगण्याजोगे होते.

राग आहे, नावड आहे, लाडिकपणा आहे. या सगळ्यांत ‘उंचावणे’ कुठे आहे?

‘उंचावणे’ हे क्रियापद आपण कोठे वापरतो ते आठवा. राहणीमान उंचावते. शिक्षणाचा दर्जा उंचावतो. मतदानासाठी हात उंचावतात. रस्त्याची पातळी उंचावून ठेकेदार आपली घरे पाण्यात घालतो. भुवयांना हे क्रियापद लावले की त्या बांधकामखात्याच्या ताब्यात गेल्यासारख्या वाटतात. ‘चढल्या’ म्हटले तर कोणीतरी रागावले. ‘उंचावल्या’ म्हटले तर पातळी वाढली, एवढेच. हा इंग्रजी वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरवून घेतला आहे, हे शाळकरी मुलालाही कळावे.

इथे विद्वान मंडळी मला अडवतील. म्हणतील, महाशय, भरतमुनी वाचले आहेत काय? नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. त्यांतले पहिलेच उत्क्षेप म्हणजे भुवया वर नेणे, आणि विस्मयात दोन्ही भुवया वर जातात हे खुद्द भरताने लिहून ठेवले आहे. मग यात परकीय ते काय?

आक्षेप चांगला आहे. त्यात आणखी भर मीच घालतो. चार्ल्स डार्विनने माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर १८७२ साली ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने जगभर विखुरलेल्या लोकांना प्रश्नावली धाडली होती आणि तिच्यातला पहिलाच प्रश्न असा होता, की आश्चर्य वाटले म्हणजे तुमच्याकडच्या लोकांचे डोळे आणि तोंड उघडते काय व भुवया वर जातात काय. उत्तरे बहुतेक ठिकाणांहून ‘होय’ अशीच आली. म्हणजे आश्चर्याने भुवई वर जाणे हे ना इंग्रजांचे, ना आपले. ते मनुष्यजातीचे आहे. फार काय, कुत्र्यांचेही आहे म्हणतात. लांडग्यात अगदी क्षीण असलेला, भुवईची आतली कड उचलणारा स्नायू पाळीव कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, असे २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले. ताटाशी बसलेल्या माणसाकडे आपला मोती तशा भुवया करून बघतो, तेव्हा त्याला काय हवे आहे हे सबंध घराला कळते.

पण भरत सांगतो आहे ती नटाने करायची क्रिया आहे. वार्ताहराने लिहायचे वाक्य नव्हे. रंगमंचावर भुवई वर गेली तर ती त्या नटाची असते, पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती दिसते, आणि ती कशामुळे गेली तेही त्याला ठाऊक असते. वर्तमानपत्रातल्या भुवया कोणालाही दिसलेल्या नसतात. शिवाय तिथे अर्थही विस्मयाचा नसतो. इंग्रजीत या वाक्प्रचाराची चाल अशी आहे, की नापसंती तर सुचवायची, पण सभ्यपणाने, आवाज न चढवता, आणि शक्यतो आपण त्यात नाही असे भासवून. भरताच्या सात कर्मांत हे आठवे नाही. आणि मराठीत नेमके तेच आठवे कर्म आयात झाले.

त्याने काय बिघडले, ते एका वाक्यावर दाखवतो. वाक्य मी बनवलेले आहे, पण तुम्ही ते शंभरदा वाचलेले असणार.

‘सरपंचबाईंनी घेतलेल्या निर्णयामुळे गावात अनेकांच्या भुवया उंचावल्या.’

या वाक्यात बातमी कोणती? ‘अनेक’ म्हणजे कोण? त्यांना नवल वाटले की राग आला? संशय आला की मत्सर वाटला? वाक्य सांगत नाही. आता तेच मराठीत सांगायचे म्हटले तर मराठी तुम्हाला मोकळे सोडत नाही, निवड करायला लावते. गावाने तोंडात बोटे घातली, म्हणाल तर बाईंनी काहीतरी अचाट केले. गावाने नाके मुरडली, म्हणाल तर त्यांनी रीत मोडली. काहींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, म्हणाल तर पैशाचा घोटाळा असू शकतो. जुन्या कारभाऱ्यांच्या पोटात दुखू लागले, म्हणाल तर बाईंचे काम चोख आहे आणि खोट त्या कारभाऱ्यांत आहे. चार वाक्प्रचार, चार निरनिराळ्या बातम्या. यांतली एक बाईला चोर ठरवते, एक तिला शूर ठरवते. ‘भुवया उंचावल्या’ यांतली कुठलीच सांगत नाही, आणि वाचणारा मात्र आपल्या मनात जी सर्वांत वाईट तीच उचलतो. बाईवर आरोप ठेवलेला नसतो, म्हणून तिला उत्तरही देता येत नाही. अब्रू जाते ती अशी, भुवईवाटे.

माझी भाची एका दैनिकात काम करते. गुणी पोरगी आहे, मराठी चांगले लिहिते. असेच एक वाक्य मी तिच्यापुढे धरले आणि विचारले, “काय गं, या भुवया कोणाच्या?”

“मामा, तुम्हीपण ना! लोकांच्या.”

“किती लोकांशी बोललीस तू?”

“दोघांशी. म्हणजे, एकाने नाव छापू नका म्हणून सांगितले. दुसऱ्याने फोनच उचलला नाही.”

“मग दोनच भुवया झाल्या की. ‘अनेकांच्या’ कशा?”

ती हसली, आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “मामा, तुम्हाला गंमत वाटते. मी ‘गैरव्यवहाराचा संशय’ असे लिहिले तर उद्या नोटीस येते. कोणाचा संशय, पुरावा काय, सगळे द्यावे लागते. भुवया उंचावल्या म्हणून आजवर कोणी कोर्टात गेलेले नाही.”

यावर मी गप्प बसलो. तिचे चुकले म्हणून नव्हे. तिने माझ्यापेक्षा नेमके दुखणे सांगितले म्हणून. या वाक्प्रचाराचे मराठीत जे एवढे फावले ते इंग्रजीच्या प्रेमापोटी नाही. फावले ते या सोयीमुळे. ज्याला पुरावा हवा ते वाक्य टाळायचे, आणि पुराव्यावाचून तोच परिणाम साधणारे वाक्य छापायचे. नोटिशीच्या भीतीने पोरगी तसे लिहिते हे मी समजू शकतो. पण ज्याच्याविषयी लिहिले त्या माणसाला नोटीस पाठवण्याचीही सोय उरत नाही, हे तिच्या वरिष्ठांना कळत नसेल असे मला वाटत नाही.

याहून जड उदाहरण घेतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीने एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, तिच्या बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची, या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. आता या ठरावाचा सारा झगडा कुठे आहे पाहा. बाईच्या दोन भुवयांच्या मधे, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. गीतेने पाचव्या आणि आठव्या अध्यायांत ध्यानाला बसणाऱ्याने जिथे चित्त लावावे म्हणून सांगितले तीच ही जागा, आणि तिथेच अंगठ्याने कुंकू पुसून टाकण्याची आपली रीत.

समजा, अशा एखाद्या ठरावाच्या बातमीत कोणी लिहिले, की ‘या निर्णयाने अनेकांच्या भुवया उंचावल्या’. मी विचारतो, कोणाच्या? दिराच्या? की जमिनीच्या वाटणीवर डोळा असलेल्या भाऊबंदांच्या? विधी सांगायला येणाऱ्या गुरुजींच्या? की शेजारच्या एखाद्या म्हातारीच्या, जिचे कुंकू चाळीस वर्षांपूर्वी पुसले गेले आणि ‘मग माझेच का पुसले?’ असा प्रश्न जिच्या मनात आता उभा राहिला? यांतल्या प्रत्येकाशी बोलायची भाषा वेगळी आहे. दिराशी भांडावे लागेल, भाऊबंदांना कायदा दाखवावा लागेल, गुरुजींची समजूत घालावी लागेल आणि म्हातारीच्या शेजारी मुकाट्याने बसावे लागेल. ‘अनेकांच्या भुवया’ म्हटले की हे सगळे एका पोत्यात जातात आणि पोते घट्ट शिवले जाते. विरोध कोणाचा हे कळले नाही, तर तो मोडायचा कसा?

आता त्या सख्ख्या भावाकडे वळू. त्याचे नाव ‘उच्चभ्रू’.

हा शब्द ऐकायला कसा वेदकालीन वाटतो. एखाद्या ऋषीचे नाव असावे. पण त्याचे वंशवृत्त मोठे करमणुकीचे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाची बुद्धी आणि स्वभाव सांगणारे एक खोटे शास्त्र फार बोकाळले होते. त्या शास्त्राच्या मते ज्याचे कपाळ उंच तो बुद्धिमान. त्यावरून विद्वत्तेचा आणि उंची अभिरुचीचा तोरा मिरवणाऱ्यांना इंग्रजीत एक थट्टेचा शब्द रूढ झाला. त्या शब्दातला ‘ब्रो’ म्हणजे कपाळ, भुवई नव्हे. आपल्या कोणा भाषांतरकाराने घाईत ‘ब्रो’ म्हणजे ‘भ्रू’ असे धरले, दोन्ही शब्दांचे गोत्र एकच असल्यामुळे त्याला ते चटकन सुचलेही असेल, आणि कपाळाच्या जागी भुवई बसली. वस्तुतः आपल्याला भाषांतराची गरजही नव्हती. बुद्धिमान माणसाचे ‘भव्य कपाळ’ वाखाणायची चाल मराठीत जुनीच आहे. ज्याची भ्रू उच्च, म्हणजे ज्याची भुवई केसांच्या मुळाशी जाऊन टेकली, तो माणूस विद्वान दिसेल की घाबरलेला, याचा आरशासमोर उभे राहून ज्याने त्याने निर्णय करावा.

तरी इथवर नुसती गंमत होती. शब्द चुकीच्या कानाने आला म्हणून त्याला हाकलावे असे मी म्हणणार नाही. मराठीत असे कितीतरी पाहुणे सुखाने नांदत आहेत. पण पुढे या शब्दाने घर बदलले. आधी तो अभिरुचीबद्दल होता, कोणाची वाचनाची आवड उच्चभ्रू, कोणाचे संगीत उच्चभ्रू, असा. तिथून तो निघाला तो थेट वस्तीला जाऊन राहिला. ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी.’ ‘उच्चभ्रू सोसायटीत पाण्याची टंचाई.’ या वस्तीतल्या लोकांचे वाचन कोणी तपासले? त्यांच्या कवट्या कोणी मोजल्या? तिथे विद्वान राहतात असे बातमीदाराला मुळीच म्हणायचे नाही. त्याला म्हणायचे आहे की तिथे श्रीमंत राहतात. मग तसे का म्हणत नाही? श्रीमंत, धनिक, पैसेवाले, बडे लोक. शब्दांना काय तोटा आहे? पण ‘श्रीमंतांची वस्ती’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, पैसा आला कोठून? ‘उच्चभ्रू’ म्हटले की तो प्रश्न पडत नाही. पैसा जणू त्यांच्या भुवयांतूनच उगवला.

आणि शेजारच्या वस्तीला काय म्हणतात ते बघा. तिला संस्कृत नाव मिळत नाही. ती झोपडपट्टी. तिथे ‘नीचभ्रू’ असा शब्द कोणी घडवला नाही, हे एका परीने बरेच झाले म्हणा. पण उच्चभ्रू वस्तीतली भांडी घासायला सकाळी सहाला जी बाई येते, तिची वस्ती रोखठोक मराठीत आणि मालकिणीची मात्र गीर्वाणवाणीत, हा न्याय माझ्या घशाखाली उतरत नाही.

कोणी म्हणेल, हा गृहस्थ भाषाशुद्धीवाला दिसतो. परका शब्द दिसला की त्याच्या कपाळाला आठ्या. अजिबात नाही. इंग्रजीवरून घेतलेल्या वाक्प्रचारांशी माझे वैर नाही. लालफीत आपण घेतली, आणि का घेऊ नये, ती आपल्या कचेऱ्यांत कागदांच्या गठ्ठ्यांना प्रत्यक्ष बांधलेली दिसे. पांढरा हत्ती घेतला; तो तर पूर्वेकडचाच, विलायतेची यात्रा करून परत आला. शीतयुद्ध घेतले, सुवर्णमध्य घेतला. यांनी काहीतरी नवे आणले, किंवा निदान आपल्याकडे जे होते ते झाकले नाही. मी मोजमाप लावतो ते एवढेच: आलेला शब्द नेमके सांगतो की नेमके सांगायचे टाळतो?

आणि याच मापाने, वाचकहो, मी त्या शब्दाची बाजू घ्यायला उभा आहे ज्याच्यावर सगळे तुटून पडतात. तो म्हणजे ‘आयब्रो’. शनिवारी संध्याकाळी मुली ‘आयब्रो करून येते गं आई’ म्हणून निघतात तेव्हा घरातले आजोबा हळहळतात, भुवई मेली म्हणून. आजोबांनी हळहळू नये. पार्लरात आयब्रो म्हणजे नुसती भुवई नव्हे. ती एक क्रिया आहे. दोऱ्याचे एक टोक दातांत धरून, बोटांवर पीळ देऊन, त्या पिळात एकेक केस पकडून उपटायचा, मुलीने आपल्या बोटांनी पापणी आणि कपाळ ताणून धरायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे, आणि पाच मिनिटांत कमान उठवायची. याला ‘भुवया करणे’ म्हटले तर कोणी समजणार नाही. भुवया देवाने केलेल्याच आहेत. ‘आयब्रो करणे’ म्हटले की काम कळते, दर कळतो, ‘जाड ठेवू की बारीक’ हा पुढचा प्रश्नही कळतो. हा त्या धंद्याचा शब्द आहे, सुताराचा रंधा असावा तसा. शिवाय ‘ब्रो’ आणि ‘भ्रू’ यांचे नाते वर सांगितलेच. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली बहीण गल्लीतल्या पार्लरात येऊन राहिली, एवढेच.

त्या पार्लरातून बाहेर पडताना तीच मुलगी मैत्रिणीला सांगते, “आई बघेल तर भुवया चढवेल हं, फारच बारीक झाल्यात.” म्हणजे करायची ती आयब्रो आणि चढते ती भुवई. व्याकरणाच्या कोणत्याही वर्गात न शिकता तिने दोन्ही शब्दांना आपापल्या कामाला लावले. तिच्या वाक्यात भुवया आईच्या आहेत, आईला राग येणार आहे, आणि कारण काय तेही स्पष्ट आहे. एवढे तीन तपशील आपल्या कित्येक अग्रलेखांना जमत नाहीत.

तेव्हा संपादक मंडळींना माझी विनंती साधी आहे. वार्ताहराने कागदावर ‘भुवया उंचावल्या’ असे लिहून आणले की त्याला बाजूला बसवून दोन प्रश्न विचारावेत: कोणाच्या, आणि का? उत्तर मिळाले तर तेच छापावे. कोणी रागावले असेल तर ‘रागावले’ छापावे, त्याच्या नावानिशी. कोणी जळत असेल तर ‘जळतात’ छापावे. आणि उत्तर मिळाले नाही तर त्या दोन ओळींच्या जागी एखादी जाहिरात टाकावी. जाहिरातीत निदान खाली पत्ता असतो.

‘आता लोकांना सवय झाली, सगळ्यांना कळते’ असे मला सांगू नका. कळते काय, हेच तर मी इतका वेळ विचारतो आहे. घरात पाच जणांना वेगवेगळे बसवून, सरपंचबाईंचे ते वाक्य वाचायला द्या आणि बाईंनी काय केले असेल ते लिहून घ्या. दिवाळीच्या सुटीत पत्त्यांच्या डावापेक्षा हा खेळ बरा आहे, आणि मुलांनाही जमतो. आमच्या घरी आम्ही तो खेळलो. पाच चिठ्ठ्यांत बाई दोनदा लाच खाऊन बसली, एकदा तिने दारूचे दुकान बंद केले, एकदा ती पळून गेली, आणि धाकट्या नातीच्या चिठ्ठीत तिने गावात हत्ती आणला होता.

फराळ आटोपला की हाच अंक पहिल्या पानापासून चाळा आणि कथा, लेख, परीक्षणे धरून एकूण किती भुवया उंचावल्या आहेत त्या मोजा. माझ्या लेखातल्या धरू नका. आकडा दोनच्या वर गेला, तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाका. पत्ता आतल्या पानावर दिलेला आहे.